मागचा डावा कोपरा

हे मी कुणाकडून उडत उडत ऐकलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं ते हिंमतराव जुमडे माझ्या आईचे मावसभाऊ. एकतीस वर्षं त्यांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम केलं. खोटी गोष्ट सांगायची तर आधी ती रचावी लागते, आणि तेवढा उत्साह मामांच्या अंगात मी कधी पाहिलेला नाही.

त्यांनी मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की ते उठून आत जातात.

जागा खामगाव. तारखा मे २०२३ मधल्या. बुधवार सतरा ते शुक्रवार एकोणीस. त्या शुक्रवारी अमावस्या होती हे मला नंतर कॅलेंडर पाहताना कळलं. पण त्याचा काही उपयोग नाही, कारण यातलं काहीही रात्री घडलं नाही.

जे घडलं ते दुपारी तीन ते पाचच्या मध्ये. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात.

तिन्ही दिवस.

बुधवारी सकाळी हिंमतरावांना रंगराव ड्रायव्हरचा फोन आला. दोघं जुने ओळखीचे. रंगराव एस.टी.तून निघून आता वामनराव म्हणून एका मोठ्या माणसाच्या गाडीवर होता. वामनरावांचं आडनाव मी सांगत नाही. त्यांची मुलं आहेत.

रंगरावनं सांगितलं की बोथ्याच्या घाटात उतारावर ब्रेक लागला नाही. एकदा दाबला, नाही लागला. दुसऱ्यांदा नाही लागला. तिसऱ्यांदा लागला, तेव्हा पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि गाडीत हातभर अंतर राहिलं होतं.

हिंमतरावांना जायचं नव्हतं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. गुडघे गेले होते. गाडीखाली शिरलं की परत निघताना कुणाला तरी हात द्यावा लागे. पण ब्रेक न लागणारी गाडी म्हटल्यावर त्यांना घरी बसवेना. त्यांनी पान्ह्यांची पिशवी उचलली आणि गेले.

गाडी गावाबाहेर वामनरावांच्या तेलाच्या गिरणीत उभी होती. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पत्र्यांवर कबुतरं. बाकी सगळं सुनं.

आणि मधोमध ही गाडी. बसच्या चासीवर बांधलेलं मोटारहोम. आत ओटा, सिंक, छोटी न्हाणी, दोन खुर्च्या. मागं डाव्या बाजूला खिडकीशी एक पलंग. पलंगावरची चादर घट्ट खोचलेली. उशीला नवा अभ्रा. पलंगाच्या पायथ्याशी ऑक्सिजनचं मशीन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं.

हिंमतरावांनी आत फक्त नजर टाकली. मग चासीखाली सागाचे ठोकळे लावले आणि ते गाडीखाली शिरले.

एअर ब्रेक म्हणजे सगळा खेळ हवेचा. इंजिनावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत दाबून भरतो. ड्रायव्हरचा पाय पडला की तीच हवा चाकांपर्यंत धावते. पण हवेत ओल असते. ती अडवायला ड्रायर असतो. ड्रायर वेळेवर बदलला नाही, कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या, की पाणी आणि तेल दोन्ही टाकीत उतरतं. तिथून पुढं व्हॉल्व्हमध्ये. मग ब्रेक अडकतो.

त्यांनी टाकीखालचा कॉक उघडला.

अपेक्षा होती वाटीभर पाण्याची. आलं ते घट्ट ताकासारखं, पांढरट. आधी गुठळ्या. मग पातळ. मग नुसतं पाणी. अर्धी बादली भरली तरी ते येतच होतं.

इथपर्यंत नवल काही नव्हतं. दुर्लक्ष झालेल्या गाड्या त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी सवयीनं बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. जळक्या तेलाचा वास येणार हे माहीतच होतं.

पण वास तो नव्हता…

वास निलगिरीचा होता.

सर्दी झाल्यावर रुमालावर टाकतात ते निलगिरीचं तेल. स्वच्छ, थंड वास. हवेच्या टाकीतून.

त्यांनी रंगरावला विचारलं की टाकीत कुणी काही ओतलं होतं का. रंगराव म्हणाला, टाकी कुठं आहे हेच इथं कुणाला माहीत नाही. एवढं बोलून तो फाटकाकडे निघून गेला.

थोड्या वेळानं वामनराव आले. सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या कपड्यातले, उभं राहायचाही कंटाळा आल्यासारखे. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि हिंमतरावांना सांगितलं की रविवारी द्वारकेला निघायचंय, तेवढे ब्रेक करून द्या. आणि मग, जरा थांबून…

"तो मागचा डावा कोपरा खाली बसते अधूनमधून. तो तसाच राहू द्या. त्याले हात नका लावू."

हिंमतरावांनी समजावलं. या गाडीला मागं कमानपाटे नाहीत, रबराचे हवेचे फुगे आहेत. गाडी त्या फुग्यांवर तोललेली असते. ब्रेकची हवा आणि फुग्यांची हवा एकाच टाकीतून जाते. घाण दोन्हीकडे गेलेली असणार. एक धुवायचं आणि दुसरं सोडायचं, असं जमत नाही. सोडलेली घाण परत ब्रेकमध्येच येणार.

वामनराव म्हणाले, बरं, करा. पण तीन ते पाच गाडीत कुणी चढायचं नाही.

का, ते हिंमतरावांनी विचारलं नाही. श्रीमंत माणसांच्या झोपायच्या वेळा असतात, एवढंच त्यांना वाटलं.

दुपारी तीनला ते गाडीच्या मागच्या भागाखाली उताणे होते. इंजिन बंद. टाकीत प्रेशर भरलेलं. हातात फुग्याला हवा देणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी.

आणि वरचं लोखंड खाली यायला लागलं.

धाडकन नाही. सावकाश. एखादं थकलेलं माणूस पलंगाच्या कडेवर बसतं, मग हात टेकवतं, मग अंग सोडतं… तसं. तीन टप्प्यांत.

चार बोटं खाली आलं आणि ठोकळ्याच्या एक बोट वर थांबलं. हिंमतरावांच्या छातीत आणि लोखंडात आता मूठभर जागा होती.

हवा सुटल्याचा आवाज झाला नव्हता. फुगा फुटला तर बॉम्बसारखा आवाज येतो. गळला तर फुसफुसतो. इथं काहीच नाही.

ते हलले नाहीत. घाम कानात शिरत होता.

मग आवाज आला.

बारीक शिट्टीसारखा. आत ओढल्यासारखा.

मग… काही नाही.

मग लांब सुस्कारा.

पुन्हा शिट्टी. आत.

एकतीस वर्षं हिंमतरावांनी हवा गळताना ऐकली होती. हवा गळते ती एकाच दिशेनं. बाहेर. ती कधी आत ओढली जात नाही.

ते कोपरांवर सरकत बाहेर आले. हात द्यायला कुणी नव्हतं. गुडघ्यांचं त्या दिवशी त्यांना भानच राहिलं नाही. उन्हात उभं राहून त्यांनी गाडीकडे पाहिलं. मागचा डावा कोपरा झुकलेला. खिडकीचा पडदा ओढलेला. समोर केबिनमध्ये प्रेशरचा काटा आठ किलोवर. जिथल्या तिथं.

पाच वाजता कोपरा आपोआप वर आला.

गुरुवारी त्यांनी सगळी गाडी खोलली असं म्हटलं तरी चालेल. नवा ड्रायर बसवला. कॉम्प्रेसरला नव्या रिंगा टाकल्या. प्रत्येक नळी सोडवून धुतली, वाळवली, परत जोडली. डाव्या फुग्याचा व्हॉल्व्ह नवा टाकला. फुगाही नवा. साबणाचं पाणी करून ब्रशनं सगळ्या जोडांना लावलं. कुठंही बुडबुडा नाही. टाकीचा कॉक उघडला तर कोरडी हवा. हातावर घेतली तर हात कोरडा.

एवढं काम त्यांनी नोकरीतही एका दिवसात केलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती असं नाही. त्यांना फक्त ते संपवायचं होतं.

दोन वाजता त्यांनी गाडी गिरणीच्या वजनकाट्यावर नेऊन उभी केली. पूर्वी इथं सरकीचे ट्रक मोजले जात. काटा अजून चालू होता. त्यांनी वजन लिहून घेतलं आणि काट्याच्या खोलीत सावलीला बसून राहिले.

तीन वाजून दोन मिनिटं.

कोपरा बसला. तसाच. तीन टप्प्यांत. चार बोटं.

त्यांनी काट्याकडे पाहिलं.

आकडा तोच होता. एका किलोचाही फरक नाही.

एवढी गाडी चार बोटं दाबायला पंचवीसेक पोती टाकावी लागतात. हवा गेलेली नाही. वजन आलेलं नाही. आणि गाडी बसलीय.

हिंमतरावांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला. मग तिथंच, काट्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर, वामनराव येऊन बसले. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली.

त्यांनी सांगितलं ते असं. बायकोचं नाव शालूबाई. चाळीस वर्षं गिरणी चालवली, त्यात तिला कुठंही नेलं नाही. हंगाम संपला की हिशेब, हिशेब संपला की हंगाम. मग तिला फुफ्फुसांचा आजार झाला. डॉक्टरांनी सांगितलं की आता औषधानं फार काही होणार नाही. तेव्हा वामनरावांनी ही गाडी बांधून घेतली. आत मशीन बसवलं. तिला सगळा देश दाखवायचा म्हणून निघाले. ती निलगिरीचा रुमाल नाकाशी धरून खिडकीशी पडून असायची. कन्याकुमारी झाली. रामेश्वर झालं. फोटो काढले.

तिला काय हवं होतं, असं हिंमतरावांनी विचारलं नव्हतं. पण वामनरावांनी ते सांगितलं. तिचं माहेर बुलढाण्यापुढचं धाड.

"ती म्हणे, बस झालं आता. मले चार दिवस धाडले सोडून द्या, माहेरी. मंग तुमाले जिथं जायचं तिथं जा. मी म्हटलं, जाताना सोडतो. जाताना म्हणजे परत येताना."

परत येताना, सोलापूर मागं पडल्यावर, दुपारी तीनला त्यांनी पाहिलं तेव्हा ती पलंगावर आडवी झालेली होती. झोपली म्हणून ते पुढं येऊन बसले. पाचला चहासाठी उठवायला गेले.

या दोन तासांत ती कधी गेली, हे त्यांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. गाडी चालूच होती.

याला चौदा महिने झाले होते.

"तवापासून रोज तीनले येते अन् टेकते," वामनराव म्हणाले. "मी जवळ बसतो. बोलतो तिच्याशी. द्वारका राह्यली तिची. ती दाखवतो."

हिंमतरावांनी विचारलं की कोपरा बसला की घाटात गाडी डावीकडे ओढते, दरीकडे, हे त्यांना माहीत आहे का. वामनरावांना माहीत होतं. रंगराव येणार नाही म्हणतो, तर ते स्वतः चालवणार होते. त्या वयात. त्या डोळ्यांनी. आणि रस्त्यावर दुसरेही लोक असतात.

वामनराव उठून गाडीकडे गेले. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज येऊ लागला. हळू, एकसुरी. मधूनच तो थांबे.

आणि तो थांबला की… ती शिट्टी ऐकू येई.

त्या संध्याकाळी हिंमतराव जेवले नाहीत. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, दोनदा वाढू का विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पुष्पाबाई गव्हातले खडे वेचत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं. भूत हा शब्द दोघांपैकी कुणीच काढला नाही.

"धाडची शालू? माह्या मोठ्या बहिणीच्या वर्गात होती ते," पुष्पाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ गहूच निवडत राहिल्या. "थकली असन हो बाई. गाडीत बसूबसू माणूस किती थकते. तिले उतरायचं असन. उतरू कोण देते?"

शुक्रवारी दुपारी एकला हिंमतरावांनी वामनरावांना सांगितलं की ब्रेकची ट्रायल घ्यायला गाडी घाटात नेतो. हे खरं होतं. वामनराव यायला निघाले. हिंमतराव म्हणाले की ट्रायलला मालक बसवत नाही, एस.टी.तही तसा नियम होता.

हे खोटं होतं. माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात सांगितलेलं एवढं एकच.

वामनरावांनी तीनच्या आत परत या म्हणून बजावलं.

रंगरावनं गाडी काढली. बोथ्याच्या घाटात त्यांनी वर जाताना चारदा आणि वळून खाली येताना सहादा ब्रेक तपासले. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. मग पुन्हा वर चढले. घाट संपल्यावर रंगराव गाडी फिरवायला लागला, तेव्हा हिंमतरावांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"पुढं चाल. बुलढाण्यावरून धाडले."

रंगरावनं घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजत आले होते. त्यानं गाडी सरळ काढली.

बुलढाणा मागं पडलं. रस्त्याला माणूस नाही. दोन्ही बाजूला नांगरलेली, तापलेली काळी रानं.

तीन वाजले.

दोघांनाही मागं पाहायचं नव्हतं. पाहावं लागलंच नाही. स्टिअरिंग रंगरावच्या हातात डावीकडे ओढलं गेलं. आरशातलं क्षितिज तिरपं झालं. एक टप्पा… दुसरा… तिसरा.

मागच्या पडद्याआड पलंगाची फळी करकरली.

केबिनमध्ये निलगिरीचा वास भरला. रंगराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे धरून बसला होता. त्याच्या दंडाच्या शिरा दिसत होत्या. त्यानं एकदाच विचारलं, "काका, हे बराबर करून राह्यलो ना आपण?"

हिंमतरावांनी नजर रस्त्यावरच ठेवली. त्यांना माहीत नव्हतं.

पावणेचारला धाड दिसायला लागलं. हिंमतरावांनी गावात शिरायच्या आधी, एका निंबाखाली, गाडी थांबवायला सांगितली. इंजिन बंद केलं. प्रेशर आठ किलो. मग ते खाली उतरले, डाव्या बाजूनं मागं गेले आणि राहत्या भागाचं दार उघडलं. पायऱ्यांची घडी खाली सोडली. दोन पायऱ्या, लोखंडी.

आत अंधार नव्हता. पडद्यातून ऊन आलं होतं. पलंग दिसत होता. चादर खोचलेली.

उशी मधोमध दबलेली होती…

हिंमतराव मला म्हणाले की तिथं काय बोलायचं हे त्यांनी वाटेत ठरवलं होतं. चांगलं लांब काहीतरी. ते सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. उन्हानं पाय पोळत होते. तीन दिवसांचा थकवा अंगावर आला होता. ते एवढंच म्हणाले,

"बाई, धाड आलं."

काही झालं नाही.

एक मिनिट. दोन मिनिटं. निंबाचं पानही हललं नाही. रंगराव केबिनमध्ये डोळे मिटून बसला होता. हिंमतराव दाराशेजारी उकिडवे बसले.

आतली शिट्टी चालू होती. आत ओढलेली… थांबलेली… सोडलेली.

मग ती थांबली.

आणि पुन्हा सुरू झाली नाही.

फळी करकरली. मग बराच वेळ शांत. पलंगापासून दारापर्यंत चार पावलं अंतर. त्यांना वाटलं त्याला कितीतरी वेळ लागला.

मग वरची पायरी दबली. लोखंडाचा बारीक आवाज. कुणीतरी धरून धरून उतरतं, तसा.

मग खालची पायरी.

हिंमतरावांनी मान खाली घातली. परकी बाई गाडीतून उतरताना माणूस नजर बाजूला करतो, तशी. त्यांना समोर रस्त्याकडेची पिठासारखी धूळ दिसत होती. तिच्यात पाऊल उमटलं नाही. एक कणही हलला नाही.

फक्त निलगिरीचा गार वास त्यांच्या तोंडावरून गेला आणि गावाकडे निघून गेला. वारा पडलेला असताना.

त्यांच्या पाठीमागं गाडी वर आली. इंजिन बंद. प्रेशरचा काटा जागचा हलला नाही. चार बोटं, सावकाश. त्यांनी टेप लावून मोजलं. दोन्ही बाजू सारख्या.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजायला अजून वेळ होता. ते पाच वाजेपर्यंत तिथंच थांबले. कोपरा पुन्हा बसला नाही.

परतीच्या वाटेवर घाटात ब्रेक उत्तम लागले. गाडी सरळ चालली. दिवस मावळायच्या जरा आधी गिरणीचं फाटक आलं.

वामनराव फाटकातच उभे होते. तीन वाजल्यापासून उभे असावेत. चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. हिंमतरावांनी सबब तयार ठेवली होती. ब्रेक तापले, थांबावं लागलं वगैरे.

पण वामनरावांनी उशीर का झाला हे विचारलंच नाही. गाडी वळून फाटकाच्या आत येत होती, तेव्हा ते तिच्या मागच्या भागाकडे पाहत होते. दारात पाऊल नाही, पलंगाकडे नजर नाही. नुसतं बाहेरून पाहिलं.

आणि विचारलं,

"कुठं उतरवली?"

हिंमतरावांना खोटं बोलता आलं नाही. ते म्हणाले, धाडले.

वामनराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं हिंमतराव म्हणतात. ते गाडीच्या पायरीवर बसले आणि हातानं ती पायरी चाचपत राहिले. मग म्हणाले, "मले सांगितलं असतं तं मी आलो असतो ना सोडायले."

तेवढंच.

रविवारी ते द्वारकेला गेले नाहीत. रंगरावला घेऊन धाडला गेले. त्याच निंबाखाली गाडी उभी केली आणि दार उघडं ठेवून बसले. तीन ते पाच. दुसऱ्या दिवशीही. असे अकरा दिवस. लोकांना वाटलं की कुणीतरी पाव्हणे जमीन पाहायला आलेत. अकराव्या दिवशी त्यांनी रंगरावला दार लावायला सांगितलं. मृगाच्या सुमारास मुलगा आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडी विकली. ज्यानं घेतली त्याची काही तक्रार नाही. कोपरा बसत नाही. टाकी कोरडी असते.

हिंमतरावांनी त्यानंतर ब्रेकचं काम हातात घेतलं नाही. लोक येतात, ते गुडघे दाखवतात.

पण त्यांना खरी झोप लागत नाही ती गुडघ्यांमुळं नाही. मी विचारलं होतं, मामा, चांगलंच केलं ना तुम्ही, बाई सुटली बिचारी.

मग त्यांनी त्या शुक्रवारी रात्री घरी काय झालं ते सांगितलं. त्यांनी पुष्पाबाईंना सगळी हकिकत ऐकवली. पुष्पाबाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, बरं झालं. मग त्यांना काहीतरी आठवलं. शालूचे दोघं भाऊ केव्हाच वारले. त्यांची पोरं औरंगाबादकडे गेली. घर दुसऱ्यांनी घेतलं, पाडलं, नवं बांधलं. ती जे माहेर म्हणत होती, ते तिथं उरलेलंच नाही.

मग पुष्पाबाईंनी हळूच विचारलं, "मंग तिले न्यायले कोण आलं होतं?"

हिंमतराव मला म्हणाले, "मी मान खाली घालून बसलो होतो रे. पाह्यलंच नाही."